चौकशीचे आठ दिवस

भाऊ निघून गेला त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी घरमालक दारात आला. मी ऑफिसला जायची तयारी करत होते, माय चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. आत या म्हटलं तर तो आला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच मायला म्हणाला, "बाई, सात महिने झाले. आता तरी काही द्याल का नाही?"

"काय द्याचं?" मायनं विचारलं.

"भाडं."

चरखा थांबला. माय माझ्याकडे पाहू लागली आणि मी तिच्याकडे. दर एक तारखेला मी पगार आणून मायच्या हातात देत होते. त्यातलं भाडं काढून माय ते भावाच्या हातात देत होती. घरातल्या पुरुषानं भाडं नेऊन द्यावं, बाईमाणसानं घरमालकाच्या दुकानावर जाऊ नये, असं तिचं म्हणणं होतं. सात महिने भाऊ ते पैसे घेऊन घराबाहेर पडला होता आणि सातही महिने ते दुसरीकडेच गेले होते. कुठं, ते मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. मटक्याचा आकडा घेणाऱ्याच्या बाकड्यावर त्याला रोज बघणारे लोक रोज आमच्या दारावरून जात होते. आम्हाला कोणी सांगितलं नाही.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. आम्ही गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत राहत होतो. वडील विणकर होते, उमरेडहून आलेले. ते गेल्यावर समोरच्या खोलीत त्यांचा माग तसाच उभा होता. माय दुसऱ्यांसाठी कांड्या भरून चार पैसे मिळवत होती आणि मी मॅट्रिकनंतर टायपिंग शिकून सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात लागले होते. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दिसायला चांगला, बोलायला गोड. त्यानं पानठेला टाकायचा म्हटलं तेव्हा ऑफिसच्या पतपेढीतून मी माझ्या नावावर कर्ज काढून दिलं. ठेल्यासाठी सामान आणायला सायकल पाहिजे म्हटलं तेव्हा हप्त्यावर सायकल घेतली आणि दुकानदाराच्या कागदावर जामीन म्हणून मीच सही केली. पानठेला चार महिने चालला. मग तो विकला गेला, सायकल भावासोबत गेली, आणि माझ्या पगारातून दर महिन्याला कपात होत राहिली. वर सायकलचा हप्ता होताच. गोळीबार चौकातून सिव्हिल लाइन्सला पायी जायला मला तासभर लागायचा. हप्ता मी फेडत होते आणि सायकल कुठं होती ते देवाला माहीत.

घरमालक वाईट माणूस नव्हता. त्यानं सहा महिने आम्हाला राहू दिलं. चालू भाड्यासोबत मी थोडं थोडं मागचंही देत गेले. पण संक्रांतीनंतर तो पुन्हा आला आणि म्हणाला, "माह्या पुतण्याचं लग्न आहे, खोली मले लागते. बाकी राहिलं ते जमन तसं आणून द्या. पण होळीच्या आधी खोली सोडा."

तो गेल्यावर माय मला म्हणाली, "तो परत आला तं आपल्याले शोधणार कुठं?"

तो म्हणजे भाऊ. मला त्या वेळी त्याचं नावही ऐकवत नव्हतं.

दोन बायकांना नागपुरात खोली मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घरी पुरुष कोण आहे? त्याच्या पुढचा: आता कुठं राहता? आणि त्याच्याही पुढचा: ती खोली काहून सोडून राहिले? पहिल्या दोन प्रश्नांतून पार पडलो तरी तिसऱ्यावर मी अडखळायचे. सक्करदऱ्याला एका बाईनं खोली दाखवली, पाणी कुठून भरायचं तेही सांगितलं, आणि म्हणाली, उद्या येऊन पैसे देऊन जा. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाली, "खोली देऊन टाकली जी." खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि भिंतीवर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती. तिचा नवरा सकाळीच आमच्या गल्लीत येऊन गेला होता, हे मला समोरच्या सुताच्या दुकानात कळलं.

जुनी शुक्रवारीत तर त्याहून लवकर आटोपलं. तिथला मालक माझं आडनाव ऐकून म्हणाला, "तो पानठेलेवाला तुमचा कोण?" मी म्हटलं, भाऊ. त्यानं हात जोडले.

मला त्या दिवसांत एका जागी बसवत नव्हतं. जेवायला बसले तरी अर्ध्यातून उठून मी दारात जायचे. ऑफिसात टाइप करताना ओळीच्या ओळी वगळल्या जायच्या. होळी जवळ येत होती.

ऑफिसातल्या एका बाईंनी हनुमाननगरचा पत्ता दिला. रेल्वेच्या मालगोदामातून रिटायर झालेले एक बाबू आहेत, म्हणाल्या, स्वभावानं कडक आहेत, पण घर स्वच्छ आहे आणि खोल्यांना स्वतंत्र नळ आहे. रविवारी सकाळी मी आणि माय पायीच निघालो. महाल ओलांडेपर्यंत ऊन चढलं होतं. चालता चालता मी मनात उत्तरं जुळवत होते. मायशी मी त्याबद्दल काही बोलले नाही, ही माझी पहिली चूक.

बाबूंनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं. मग बाबूंनी चष्मा लावला आणि रेल्वेच्या कसल्याशा छापील फॉर्मचा पाठकोरा कागद पुढे ओढला. त्याच्या पाठीवर सुबक अक्षरांत प्रश्न आधीच लिहिलेले होते आणि प्रत्येकासमोर उत्तरासाठी जागा सोडली होती. मला ऑफिसच्या भरतीची आठवण झाली. हात आपोआप मांडीवर सरळ आले.

नाव. नोकरी. पगार. आता कुठं राहता. मी सांगत गेले, ते लिहीत गेले.

"तिथून काहून निघून राहिले?"

"मालकाच्या पुतण्याचं लग्न आहे. त्यांना खोली पाहिजे."

"भाडं बाकी आहे?"

"थोडं आहे. देऊन राहिलो."

त्यांनी 'थोडे' असं लिहिलं आणि वर बघितलं. "घरी अजून कोण आहे? वडील?"

"वारले."

"भाऊ?"

"नाही," मी म्हणाले.

एवढाच शब्द. त्यांनी तो लिहून घेतला. माय माझ्या शेजारी बसली होती, हातात पाण्याचा पेला होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण पेला खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. बाबूंनी खोल्या दाखवल्या. दोन खोल्या, मागं छोटं अंगण, अंगणात नळ. मी तोंडभर कौतुक करत होते. माय दारातच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही.

निघताना बाबू म्हणाले, "राग मानू नका. मी चौकशी करतो. जुन्या मालकाकडे, दुकानात, ऑफिसात, सगळीकडे स्वतः जाऊन करतो. पुढच्या रविवारी सांगतो."

आठ दिवस. परतीच्या वाटेवर माय माझ्या दोन पावलं मागून चालत होती. मी थांबले की तीही थांबायची. महालाजवळ मी विचारलं, रिक्षा करू का? तिनं नकाराची मान हलवली. घरी आल्यावर तिनं भाकरी केल्या, मला वाढलं, आणि स्वतः चरख्याशी जाऊन बसली. मी म्हटलं, "माय, त्याचं नाव निघालं की कोणी खोली देत नाही. तुले दिसते ना?"

"मी काही म्हणलं का?" ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाणी आलं. रॉकेल संपलं. डबा घे. मी चिडायचे आणि चीड गिळायचे. खोटं मी दोघींसाठी बोलले होते, शिक्षा मात्र मलाच मिळून राहिली, असं वाटायचं. पण हेही खरं की तिच्या तोंडाकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी मला बाबू दिसले. सायकल हातात धरून ते आमच्या किराणावाल्याशी बोलत होते. पॅन्टला चिमटे लावलेले, डोक्यावर पांढरी टोपी. मी पदर डोक्यावरून घेतला आणि मागं वळून दुसऱ्या गल्लीतून गेले. त्या गल्लीतून चौकात निघायला एक मोठा वळसा पडतो. ऑफिसात उशीर झाला. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर किराणावाल्याचं हलणारं तोंड होतं. त्याचीही उधारी भावानं करून ठेवली होती आणि मी ती नुकतीच, शिमगा तोंडावर आला असताना, निम्मी चुकती केली होती.

बुधवारी दुपारी आमच्या ऑफिसच्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, मला टेबलाशी बोलावलं. पान जमवत म्हणाले, "तुमच्या चौकशीले एक माणूस आला होता. घर पाहून राहिले का?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"जे आहे ते. पगार सांगतला. कपात होते का म्हणे, मी म्हटलं होते. कशाची म्हणे, मी म्हटलं पतपेढीची, भावासाठी कर्ज काढलं होतं बाईनं." त्यांनी पान तोंडात टाकलं. "काहून, नव्हतं सांगायचं का?"

"नाही, तसं नाही," मी म्हणाले आणि जागेवर आले. मशीनमध्ये कागद लावलेला होता. मी त्याच्याकडे बघत बसले. आता बाबूंच्या त्या कागदावर 'भाऊ' या शब्दासमोर 'नाही' लिहिलेलं होतं, आणि त्यांना ठाऊक होतं की आहे. बाकी भाडं, उधारी, कपात हे सगळं एका बाजूला. हे दुसऱ्या बाजूला. आधीचं सगळं भावानं केलेलं होतं. हे मी केलं होतं.

त्या दिवशी मी घरी लवकर जायचं टाळलं. सीताबर्डीपर्यंत आले, तिथून पुन्हा उलटी फिरले, एका दुकानासमोर उभी राहून लुगड्यांकडे पाहत राहिले. काय करावं सुचत नव्हतं. हनुमाननगरला जाऊन सांगावं तर काय सांगावं? न सांगावं तर रविवारी तिथं जायचंच कशाला? घरी गेले तेव्हा माय दिवा लावून बसली होती. उशीर का झाला हे तिनं विचारलं नाही.

गुरुवारी मी ठरवलं. अर्धी रजा टाकली आणि दुपारी तीनच्या सुमारास सरळ हनुमाननगरला गेले. वाटेत दहा वेळा वाक्यं जुळवली. "काका, मी तुमच्याशी खोटं बोलले." पुढं काय, ते जुळत नव्हतं. त्यांच्या फाटकाशी येऊन कडी काढली आणि थांबले.

दाराबाहेर मायच्या चपला होत्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिनं मागाच्या पिवळ्या सुतानं शिवला होता. अशी चप्पल नागपुरात दुसरी असणं शक्य नव्हतं.

माय एकटी कधी चौकाच्या पलीकडे गेली नव्हती. बाजारात गेली तरी शेजारीण सोबत असायची. आणि ती आज गोळीबार चौकातून हनुमाननगरपर्यंत रस्ता विचारत आली होती. मी आत गेले. ती खाली सतरंजीवर बसली होती, समोर चहाची बशी, चहा तसाच. बाबू खुर्चीत होते. त्यांची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"या," बाबू मला म्हणाले. "तुमच्या मातोश्रीच बोलून राहिल्या आहेत."

मायनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बाबूंकडे वळली. माझ्या येण्यानं तिचं बोलणं तुटलं नाही.

"तं मी सांगून राहिली, बाबूजी, का मले एक पोरगा आहे. पोरगी 'भाऊ नाही' म्हणाली ते चुकलं. पण ते तिनं खोलीसाठी म्हणलं. तो आमच्याले बुडवून गेला हे खरं आहे. तिच्या पगारातून कपते, हेही खरं. पण तो आहे. मी त्याले नाही कशी म्हणू?"

"तो कुठं आहे आता?" बाबूंनी विचारलं.

"मले माहीत नाही."

"आणि उद्या इथं आला तर?"

मायनं समोरची बशी बाजूला सारली. मला वाटलं आता ती म्हणेल, येणार नाही, किंवा आला तर हाकलून देईन. म्हणायला काय जात होतं? मी मनातल्या मनात तिला विनवत होते.

"आला तं जेवू घालीन," ती म्हणाली. "पैसे नाही देणार. माह्या हातात आता पैसे नसतातच, पोरगी तिच्याजवळ ठेवते. पण जेवाले घालीन. तुम्ही तसं लिहून घ्या कागदावर."

बाबूंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मग मला म्हणाले, "बसा."

मी बसले. "काका, मी खोटं बोलले," मी म्हणाले. रस्ताभर जुळवलेलं बाकी काहीच आठवलं नाही.

"मले मंगळवारीच समजलं होतं," ते म्हणाले. "बुधवारी पक्कं झालं. असं आहे बाई, मी जुन्या मालकाकडे गेलो. त्यानं चांगलं नाही सांगितलं. म्हणे, मायनं पोराले पाठीशी घातलं. किराणावाला म्हणे, निम्मे आले, निम्म्याचा भरोसा नाही. मग मी त्या सायकलवाल्याकडे गेलो. तो म्हणे, बाई दर महिन्याच्या तीन तारखेला पायी येऊन हप्ता देते, सायकल कुठं आहे ते एकदाही विचारत नाही, आणि पावती घेतल्याशिवाय जात नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "कपातीचं मले काही वाटत नाही. कपात होते म्हणजे फेडून राहिली. पण पस्तीस वर्षं मी गोदामात काढली. फुटलेली पेटी असली तर ती फुटलेली आहे असं आधी सांगावं लागते. मग आम्ही तसं लिहून माल घेत होतो. लपवून दिली तर मग भांडण होते."

त्यांची बायको चौकटीपासून पुढे आली. ती म्हणाली, "सांगतलं ना आता त्यांनी. उशिरा का होईना."

"त्या सांगायला आल्या," बाबू म्हणाले. "यांचं काय?"

"मीही तेच सांगायला आले," मी म्हणाले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. मी नुसती सतरंजीच्या दशा ओढत बसले. मग बाबूंनी तो कागद काढला, 'नाही' वर एक आडवी रेघ मारली आणि त्याच्या बाजूला काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी कधी वाचलं नाही.

त्यांच्या अटी तीन होत्या. दोन महिन्यांचं भाडं आगाऊ. दर महिन्याचं भाडं मी स्वतः आणून द्यायचं, दुसऱ्या कोणाच्या हाती नाही. आणि भावानं इथं रात्री मुक्काम करायचा नाही. करारनाम्यावर सही माझी. तिसऱ्या अटीवर मायनं होकाराची मान हलवली नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. जेवणाबद्दल बाबूंनी काही लिहिलं नाही.

आगाऊ द्यायला आमच्याजवळ काही नव्हतं. त्यासाठी माग विकला. दोन गल्ल्यांपलीकडच्या एका विणकरानं तो नेला. नव्या घरात त्याला जागा नव्हतीच. चार माणसं आली, खुंट्या काढल्या, लाकडं सुटी केली. जमिनीतला खड्डा तेवढा मागं राहिला. वडील त्यात पाय सोडून बसायचे. घरमालकाच्या पुतण्याच्या लग्नाआधी तो बुजवून द्यावा लागेल म्हणून मायनं स्वतः घमेल्यानं माती आणून टाकली. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "तुह्या हापिसाची साडी खराब होईन." पण त्या आठवड्यानंतर पहिल्यांदा ती माझ्याशी कामाशिवाय बोलली होती.

होळीच्या दोन दिवस आधी हातठेल्यावर सामान टाकून आम्ही हनुमाननगरला आलो.

खोली मिळाली, पण मला शांत वाटलं नाही. उलट मी जास्तच अस्वस्थ झाले. एक तारखेला पगार झाला की घरी न जाता थेट बाबूंच्या दारात जाऊन पैसे द्यायचे. ते म्हणायचे, "अहो, चहा तरी घ्या, मी पळून नाही जाऊन राहिलो." फाटकाची कडी वाजली की मी खिडकीशी. पोस्टमन आला तरी हातातलं काम टाकून उठायचे. भाऊ येईल याची भीती होती, आणि तो येत नाही म्हणून माय रोज संध्याकाळी अंगणात उभी राहायची त्याचाही राग होता. जुन्या मालकाचं, किराणावाल्याचं, सायकलचं सगळं फिटायला पावणेदोन वर्षं लागली. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी सायकलवाला म्हणाला, "आता एखादी तुमच्यासाठी घ्या, बाई." मी घेतली नाही. हप्त्याच्या कागदावर सही करायला माझा हात उठत नव्हता.

त्या 'नाही'बद्दल मायशी माझं एकदाच बोलणं झालं. पावसाळ्यात, दुपारी, आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. मी विचारलं, "तुले तवा फार राग आला होता का वं?"

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "राग नाही. एक तं गेलाच होता. तू भाऊ नाही म्हणाली, तवा वाटलं, आता ही पण गेली."

"मंग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हापिसात गेली तू. संध्याकाळी आली. तवा समजलं, आहे."

दुसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका रविवारी भाऊ आला. फाटकाची कडी वाजली, मी खिडकीतून पाहिलं आणि तशीच उभी राहिले. तो वाळला होता, गाल बसले होते. कळमेश्वरला कारखान्यात हमाली करून राहिलो, म्हणाला. पत्ता त्याला जुन्या गल्लीत मिळाला होता. मायनं त्याचे हातपाय धुवायला पाणी दिलं आणि ताट केलं. वांग्याची भाजी, भाकर, वर तिखटाचा लाल भुरका. तो खाली मान घालून जेवला. तिनं तीनदा वाढलं. त्याच्याशी ती जेवणाशिवाय काहीच बोलली नाही, सात महिन्यांचं तर नाहीच.

बाबू अंगणात येऊन गेले. त्यांनी भावाला विचारलं, कुठं राहता, काय काम करता, आणि उत्तर ऐकून आत निघून गेले.

जेवण झाल्यावर माय भांडी घासायला मागं गेली तेव्हा भाऊ मला म्हणाला, "आठ-पंधरा दिवस इथं राहू देतं का? तिकडे खोलीचं जमत नाही. आधीचा घरमालक कोण विचारतात, त्याची चिठ्ठी मागतात."

"नाही जमत," मी म्हणाले. "करारावर माझी सही आहे. मुक्काम करता येत नाही."

"कोणी पाहते का?"

"मी पाहते."

तो हसला नाही, चिडलाही नाही. मला त्याच्याशी खूप काही बोलायचं होतं. दोन वर्षं मी ते रोज मनात बोलत होते, ऑफिसच्या रस्त्यावर, कपातीच्या दिवशी, पायी चालताना. त्याच्यासमोर त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. आणि खरं सांगायचं तर करारनामा होता म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. कागद नसता तर मला स्वतःच्या तोंडानं नाही म्हणावं लागलं असतं, आणि ते जमलं असतं की नाही, कोण जाणे.

चार वाजता मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. मायनं चार भाकरी फडक्यात बांधून दिल्या होत्या. स्टँडवर गर्दी होती. तिकिटाचे पैसे मी काढले तर त्यानं माझा हात मागं केला आणि स्वतःच्या खिशातून चुरगळलेली नोट काढली. "आहेत माह्याजवळ," म्हणाला. गाडी लागली, लोक धावले. तो शेवटून चढला. मागच्या काचेतून मला त्याचा एक हात दिसत होता, वरच्या दांडीला धरलेला, आणि त्या हाताच्या मनगटाला लटकलेलं भाकरीचं फडकं. त्यानं वळून पाहिलं का ते दिसलं नाही. गाडी निघाली तरी मी तिथंच उभी राहिले. घरी जावंसं वाटत नव्हतं आणि तिथं थांबायचं तर काही कारण नव्हतं.

परत आले तेव्हा माय दारात होती.

"बसला का?"

"बसला."

"जागा भेटली?"

"नाही. उभाच होता."

"पाऊण तासाचाच तं रस्ता आहे," माय म्हणाली, आणि आत जाऊन रात्रीसाठी चूल पेटवू लागली.